उलटं लिहिलेलं नाव

सरांनी ती व्हीएचएस कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. म्हणाले, "पुढे ढकलत जा. किड्याबरोबरची तलवारबाजी आली की थांब. ती दहा वेळा बघ. बाकीचं नाही बघितलंस तरी चालेल."

१९९६ साल होतं. मी तेवीस वर्षांची होते आणि जाहिरातींसाठी बाहुल्यांचं ॲनिमेशन करणाऱ्या मुंबईतल्या एका छोट्या स्टुडिओत नुकतीच लागले होते. बाहुलीचा हात केसभर हलवायचा, बाजूला व्हायचं, कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, पुन्हा जवळ जायचं, पुन्हा केसभर. टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम लागतात. आम्ही एकेक पोझ दोन फ्रेम धरायचो, म्हणजे एका सेकंदासाठी बारा-तेरा वेळा हात लावायचा. दिवसभरात चार-पाच सेकंद पदरात पडले की सर सगळ्यांसाठी चहा सांगायचे.

रात्री सगळे गेल्यावर स्टुडिओतल्याच टीव्हीवर मी ती कॅसेट लावली. दाराला आतून कडी घातली, आवाज बारीक केला. पुढे मात्र ढकलली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली.

चित्रपटाचं नाव 'फ्लेश गॉर्डन'. फ्लॅश नव्हे, फ्लेश. एका मात्रेने लखलखाटाचा देह होतो. १९७४ चा अमेरिकन चित्रपट, फक्त प्रौढांसाठी. पृथ्वीवर कुठूनसे कामवासनेचे किरण येऊन पडतात आणि माणसं भान विसरतात. ते थांबवायला देखणा नायक, त्याची प्रेयसी आणि एक शास्त्रज्ञ यानात बसून दूरच्या ग्रहावर जातात. ग्रहाचं, सम्राटाचं, शास्त्रज्ञाचं, सगळ्यांची नावं चारचौघांत मोठ्याने घेता येणार नाहीत अशी. हे चालू असताना मधेच पडद्यावर एक उभा किडा येतो, हातात तलवार घेऊन, आणि मी खुर्चीवरून उठून टीव्हीसमोर जमिनीवर जाऊन बसले.

ती बाहुली होती. फार तर फूटभर उंचीची असेल. आत पोलादाचा सांगाडा, त्याला गोळी-खोबणीचे सांधे, वर फोम लॅटेक्सची कातडी. समोरचा नट खरा, हाडामांसाचा. अशा दृश्यात नट आधी मोकळ्या हवेशी लढतो. मग ते चित्रण एकेक फ्रेम करून बाहुलीच्या मागच्या पडद्यावर टाकतात आणि ॲनिमेटर बाहुलीची तलवार त्याच्या तलवारीला भिडेल अशी हलवत जातो. तेव्हा समोर मॉनिटर नसे. मागची पोझ कुठे होती हे कळायला बाहुलीच्या कोपराशी, नाकाशी मापाची सुई टेकवून ठेवायची. लेथवर काम करणाऱ्यांकडे असतो तो सरफेस गेज. सुई टेकवायची, बाहुली हलवायची, अंतर बघायचं, सुई काढायची, फ्रेम घ्यायची. एक सुई जरी चुकून फ्रेममध्ये राहिली तरी ती पडद्यावर चमकून जाते आणि सगळा शॉट पहिल्यापासून. हे मी रोज हाताने करत होते, म्हणून त्या दृश्यामागचे महिने मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "नावं वाचलीस?" मी वाचली नव्हती. त्यांनी कॅसेट पुन्हा लावली आणि एका नावावर थांबवली. मिज ह्त्रॉफनॅड. मला वाटलं पूर्व युरोपातला कुणी असेल. सर म्हणाले, "इंग्रजी अक्षरं उजवीकडून डावीकडे वाच." वाचली. जिम डॅनफोर्थ.

डॅनफोर्थ कोण हे स्टुडिओतल्या कुणालाही सांगावं लागत नव्हतं. दोन वेळा ऑस्करचं नामांकन, त्यातलं एक डायनोसॉरांच्या चित्रपटासाठी. आमच्या धंद्यात देवघरात ठेवावं असं नाव. ते या चित्रपटात होतं आणि नव्हतंही. त्या उलट्या नावाने मला पुढे अनेक वर्षं सोडलं नाही. का, ते सांगण्यासाठी आधी मूळ गोष्टीकडे जायला हवं.

फ्लॅश गॉर्डन मला फार लवकर भेटला होता. माझ्या मोठ्या भावाकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता. वेताळ आणि मँड्रेकवर त्याचा हक्क, उरलेला फ्लॅश गॉर्डन माझ्या वाट्याचा. पेणला आमचा गणपतीचा कारखाना. माळ्यावर रंगाच्या डब्यांमध्ये बसून मी ती परग्रहावरची शहरं बघायची. ॲलेक्स रेमंड या चित्रकाराने ७ जानेवारी १९३४ ला वर्तमानपत्रातली ती चित्रमालिका सुरू केली. १९३६ मध्ये युनिव्हर्सलने तिच्यावरून १३ भागांचा चित्रपट काढला. दर आठवड्याला एक भाग, शेवटी नायक मरणाच्या दारात, पुढच्या आठवड्याला सुटका. बस्टर क्रॅब या ऑलिम्पिक जलतरणपटूने फ्लॅश केला. अवकाशयाने तारेला लटकवलेली, त्यांचा धूर अवकाशात असूनही सरळ वर जाणारा. सेट दुसऱ्या चित्रपटांचे उरलेसुरले. अमेरिकेतली पोरं तरीही वेडी झाली. १९३८ ला १५ भाग, १९४० ला आणखी १२.

मोठेपणी त्या मूळ गोष्टीकडे परत गेले तेव्हा लहानपणी न दिसलेलं काही दिसलं. सम्राट मिंगला फ्लॅशच्या प्रेयसीशी, डेलशी, जबरदस्तीने लग्न लावायचं आहे. त्याच्या मुलीला, ऑराला, फ्लॅश हवा आहे आणि ते ती लपवतही नाही. रेमंडच्या चित्रांत सगळी शरीरं अर्धी उघडी, ताणलेली, साखळदंडांत. पहिल्या मालिकेतले डेलचे कपडे इतके तोकडे होते की दुसऱ्या मालिकेत तिला गळ्यापासून झाकून आणलं. म्हणजे वासना त्या गोष्टीत पहिल्यापासून होती. मुलांची गोष्ट म्हणून तिच्यावर चादर घातली होती, एवढंच. 'फ्लेश गॉर्डन' करणाऱ्यांनी बाहेरून काही आणून चिकटवलं नाही, चादर ओढली.

साहसकथांचं पुष्कळदा असंच असतं. अरबी सुरस गोष्टी आपल्याकडे मुलांच्या हातात आल्या त्या शृंगार गाळूनच. टारझन म्हणजे जंगलात लंगोटीवर वावरणारा राजबिंडा पुरुष आणि त्याच्या झाडावरच्या घरात राहणारी जेन. यातलं न बोललेलं बोलून दाखवणारा कुणीतरी आज ना उद्या येणारच.

माझं आजोळ चिपळूणजवळचं. शिमग्याच्या दिवसांत तिथे नमन व्हायचं. गण झाला की गौळण. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, त्यांच्या पुढे मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला गावातलाच एखादा दणकट गडी. कृष्ण वाट अडवतो, पेंद्या मधे तोंड घालतो, आणि मावशीच्या प्रत्येक उत्तराला दोन अर्थ. माझी आजी तोंडाला पदर लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. तीच आजी पहाटे उठून बाळकृष्णापुढे लोण्याची वाटी ठेवायची. तिला त्या दोन्हींत भांडण दिसत नव्हतं. चावटपणा करायचा तोही आपल्याच देवाच्या गोष्टीतून, कारण ती गोष्ट इतकी आपली की तिच्याशी अंगचटीला जाता येतं. परक्याची अशी थट्टा करता येत नाही, आणि केली तर ती नुसती शिवी होते. 'फ्लेश गॉर्डन' बघताना मला आजीचं हसणं आठवलं, आणि त्या आठवणीमुळेच तो चित्रपट मी घाण म्हणून बाजूला सारू शकले नाही.

तो कसा झाला ती हकिगतही ऐकण्यासारखी आहे. हॉवर्ड झीम आणि बिल ऑस्को ही निर्मात्यांची जोडी उघड कामचित्रपटांच्या धंद्यातली. १९७० चा 'मोना' त्यांचाच. गोष्ट असलेला आणि थेटरात लागलेला अमेरिकेतला अशा प्रकारचा अगदी सुरुवातीचा चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतात. त्यांनी फ्लॅश गॉर्डनचं विडंबन करायचं ठरवलं आणि त्यात राक्षस हवेत, याने हवीत, राजवाडा हवा म्हणून माणसं शोधायला लागले. त्यांना जी मिळाली ती माणसं हॉलिवूडमधली सगळ्यात हुशार पोरं होती.

एवढी हुशार पोरं अशा चित्रपटाला मिळाली, कारण त्यांना दुसरीकडे काम नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोठे स्टुडिओ आपले स्पेशल इफेक्ट्सचे विभाग बंद करत सुटले होते. खर्च फार आणि प्रेक्षकाला रस्त्यावरच्या खऱ्या गोष्टी हव्यात, असा त्यांचा हिशेब. इकडे डेनिस म्युरेन, डेव्हिड ॲलन यांच्यासारखे तरुण होते, लहानपणी १९३३ चा 'किंग काँग' आणि बाहुली-ॲनिमेशनचा उस्ताद रे हॅरीहाउसेन याचा सिंदबादपट बघून झपाटलेले, घराच्या गॅरेजमध्ये बाहुल्या हलवत बसणारे. हॅरीहाउसेनने १९६३ च्या एका चित्रपटात सात सांगाड्यांची लढाई चार-साडेचार महिने खपून एकट्याने हलवली होती, आणि या पोरांना आयुष्यात तेवढंच करायचं होतं. पण कुणालाच राक्षस नको होता. राक्षस मागत होता तो फक्त निळ्या चित्रपटांचा निर्माता.

मला हे फार जवळचं वाटतं. हातात कला आहे, तिला गिऱ्हाईक नाही, आणि जे गिऱ्हाईक दारात येतं त्याच्याबद्दल घरी सांगता येत नाही.

१९७१ च्या सुमाराला चित्रीकरण सुरू झालं आणि पडद्यावर यायला १९७४ उजाडलं. मधे पोलीस आले. नटनट्यांना पैसे देऊन त्यांच्याकडून संभोगाची दृश्यं करून घेणं ही दलालीच, असा कायद्याचा अर्थ तेव्हा कॅलिफोर्नियात लावत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ मोडला १९८८ साली, म्हणजे पुढे सतरा वर्षांनी. झीमने उघड दृश्यांची फिल्म लॉस एंजेलिसच्या पोलिसांच्या हवाली केली. मग युनिव्हर्सलने कोर्टाची भीती घातली. म्हणून चित्रपटाच्या सुरुवातीला वर सरकत जाणारा मजकूर आला: मंदीच्या दिवसांत पोरांना आधार देणाऱ्या जुन्या नायकांना हा मुजरा आहे, ही थट्टा आहे. पोस्टरवरही लिहिलं की मूळ फ्लॅश गॉर्डनशी गल्लत करू नये.

वकिलाच्या धाकाने लिहिलेला तो मजकूर खरा होता असं माझं मत आहे. कारण उघड दृश्यं पोलिसांकडे गेल्यावर मागे उरलं काय? उघडे देह आहेत, पाचकळ विनोद तर ढिगाने आहेत, पण ज्यासाठी हा चित्रपट काढायला घेतला तेच त्यात नाही. राहिले ते राक्षस, याने आणि मनोरे. जो मसाला म्हणून घातला होता तोच पदार्थ झाला. कॉलेजातली पोरं मध्यरात्रीच्या खेळांना जायला लागली, चित्रपटाभोवती भक्तमंडळी जमली, आणि ती आजही त्या राक्षसांबद्दलच बोलतात. काँगसारखा नायिकेला मुठीत धरून मनोऱ्यावर चढणारा शिंगवाला देव आहे त्यात. चढता चढता तो स्वतःशी पुटपुटत असतो, कंटाळल्यासारखा, एखाद्या थकलेल्या मामासारखा. त्या बाहुलीच्या खांद्यांत इतकं मन ओतलं आहे की तो राक्षस मला त्या चित्रपटातला सगळ्यात खरा माणूस वाटतो. त्याला आवाज दिला क्रेग टी. नेल्सनने. पुढे १९८२ च्या 'पोल्टरगाइस्ट'मध्ये तो घराघरांत पोचला. 'फ्लेश गॉर्डन'मध्ये त्याचं नाव नाही.

एकाने नाव उलटं लिहिलं, एकाने लिहिलंच नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जॉर्ज लुकासला फ्लॅश गॉर्डनच करायचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःची गोष्ट रचली आणि १९७७ ला 'स्टार वॉर्स' आला. वर सरकत जाणारी अक्षरं त्याने त्याच जुन्या मालिकांतून उचलली. त्या चित्रपटाच्या इफेक्ट्सच्या चमूत डेनिस म्युरेन होता. तिथून 'जुरासिक पार्क'च्या डायनोसॉरांपर्यंत त्याने ऑस्करची रांग लावली. 'फ्लेश गॉर्डन'साठी छोट्या प्रतिकृती करणाऱ्या ग्रेग जीनने त्याच १९७७ साली स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स'चं प्रचंड यान बांधलं. ते आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात, व्हर्जिनियात, काचेआड ठेवलं आहे. चार-पाच वर्षांत जगभर ज्यांच्यासाठी रांगा लागणार होत्या ते हात दिवस काढत होते ते इथे. याला उमेदवारी म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल. मी म्हणते.

इथपर्यंत मी कारागिरांच्या बाजूने बोलले, कारण मी त्यांच्यातली आहे. पण तो चित्रपट मी दुसऱ्यांदा बघितला चाळिशीत, चांगल्या डिस्कवर, दाराला कडी न घालता. तेव्हा डोळे बाहुल्यांवरून निघून बायकांवर गेले.

पहिल्या वेळी मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्यांच्या अंगाकडे पाहायची मला लाज वाटत होती आणि त्या लाजेत त्यांचे चेहरेही गेले. आता पाहिलं. किरण अंगावर पडले की बायका आपोआप तयार होतात, हा चित्रपटाचा विनोद. बाईची इच्छा-अनिच्छा हा प्रश्नच त्या जगात उगवत नाही. समलिंगी राजपुत्राचं पात्र आहे, त्याच्याकडे बघून खिदळायचं अशी अपेक्षा. हे मला खुपलं आणि आजही खुपतं. नमनातली मावशी कृष्णाला निरुत्तर करते. गवळणी भांडतात, जिंकतात. तिथला चावटपणा बायकांच्याही तोंडी असतो, भले लुगडं पुरुष नेसलेला असो. 'फ्लेश गॉर्डन'मधल्या बायकांना असा एकही टोला दिलेला नाही. चादर ओढली ती अर्धीच ओढली, असं मला वाटतं. ऑराला फ्लॅश हवा होता, ही मूळ गोष्टीतली खरी स्फोटक जागा. तिला काय हवं होतं, कसं हवं होतं, तिकडे विडंबन करणाऱ्यांनी वळून पाहिलं नाही.

आणि मग नावांचा विचार आला. डॅनफोर्थला नाव उलटं लिहिता आलं, कारण तो कॅमेऱ्यामागे होता. ज्या मुली समोर होत्या त्यांना टोपण नाव घेता येत होतं, त्या धंद्यात ते सर्रास घेत. पण चेहरा कुणी उलटा लिहावा? कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या कारकिर्दीत हा चित्रपट एक गमतीदार तळटीप होऊन बसला. कॅमेऱ्यासमोर एका फ्रेममध्ये उभी राहिलेली मुलगी मात्र पुढची पन्नास वर्षं त्याच फ्रेममध्ये ओळखली जाणार. लाजेचं ओझं सगळ्यांनी मिळून उचललं असं दिसतं, पण वाटणी सारखी झालेली नाही.

ही लाज या प्रकाराच्या जन्मापासून सोबत आहे. तिसाच्या दशकात अमेरिकेत आठ पानी चोपड्या चोरून विकल्या जात. वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकांचे लाडके नायक-नायिका घेऊन त्यांची नको ती चित्रं काढलेली. काढणाऱ्याचं नाव जवळजवळ कधीच नाही. १९७५ साली पिशा या बेल्जियन व्यंगचित्रकाराने टारझनवर प्रौढांसाठी कार्टूनपट काढला, त्याचं फ्रेंच नावच 'टारझून, जंगलची लाज' असं. टारझनचे लेखक बरोज यांच्या वारसांनी खटला भरला. अमेरिकेत तो चित्रपट आला तेव्हा शीर्षकातला टारझूनच गायब होता, उरली ती नुसती जंगलची लाज. इंग्रजीत नायकाला आवाज कुणी दिला? जॉनी वाइसम्युलर ज्युनियरने, पडद्यावरच्या सगळ्यात गाजलेल्या टारझनच्या पोटच्या मुलाने. हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या मुलाचा विचार करत होते. बापाची गोष्ट, तिचं चावट विडंबन, आणि त्यात मुलगा आपलं सरळ नाव लावून उभा.

हॉवर्ड झीमनेही म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं. त्याच्या शीर्षकातही लाज आहे. तुमची लाज तुमच्यापाशी ठेवा, असं तो लोकांना त्या शीर्षकातून बजावतो.

आता माझ्या लाजेबद्दल.

१९९८ मध्ये जाहिरातींचं काम मंदावलं. ओळखीतून एका भयपटाचं काम आलं. स्वस्तातला, जुन्या वाड्यातल्या राक्षसाचा. मधे मधे धबधब्याखालची, पलंगावरची दृश्यं घालून थेटरवाल्यांची सोय करायची, असा तो प्रकार. मला राक्षस करायचा होता. अख्खा नाही, कमरेपासून वरचा, आणि एक सुटा हात. कातडी फोम लॅटेक्सची. विलायती साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून सांगाडा ॲल्युमिनियमच्या तारेचा, सांधे एम-सीलने बांधलेले. बोटांची पेरं मी अण्णांकडून शिकले होते तशी केली. अण्णा, माझे वडील, गणपतीच्या हाताची बोटं करताना पेरापेरावर अंगठ्याने किंचित दाबायचे. शाडू ओली असताना एवढंच, की बोट जिवंत दिसतं. सतरा दिवस खपून तो हात मी केला. मोदक धरणाऱ्या हाताचीच पेरं, फक्त नखं वाढवलेली.

पैसे घ्यायला गेले तेव्हा प्रॉडक्शनवाल्याने वही पुढे केली. "नाव कसं लिहायचं पाट्यांमध्ये?" मी म्हटलं, लिहू नका. तो म्हणाला, "अहो, राक्षस तुमचाच तर आहे." मी म्हटलं, नकोच. पेणमध्ये कुणी वाचलं असतं. अण्णांच्या कारखान्यातून गणपती न्यायला गावोगावची माणसं येत, पिढ्यान् पिढ्या तीच घरं. त्यांच्यातलं कुणी काही बोललं असतं, आणि अण्णा गप्प राहिले असते.

मूर्तिकाराचं नावही मूर्तीवर नसतं, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं आहे ते. अण्णांनी चाळीस वर्षं डोळ्यांची आखणी केली, एकाही मूर्तीवर नाव घातलं नाही. पण त्यांचं नाव नसणं आणि माझं नाव नसणं एक नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मूर्ती घरातून बाहेर पडली की ती त्यांची राहत नसे, म्हणून नाव नाही. माझा राक्षस माझाच होता, आणि मी त्याला ओळख दाखवली नाही.

तो चित्रपट आला, दोन-चार ठिकाणी लागला, गेला. घरी कधी विषय निघाला नाही.

सुटा हात मी परत मागून आणला होता. फोम लॅटेक्स टिकत नाही. आधी ते चिवट होतं, मग कडक, मग बोट लावलं की पावाच्या चुऱ्यासारखं झडतं. आता कपाटात तारेचा सांगाडाच आहे आणि करंगळीवर थोडं हिरवट कातडं. त्या सांगाड्याकडे बघितलं की मला डॅनफोर्थ आठवतो. त्याने निदान अक्षरं सगळी ठेवली होती. शोधणाऱ्याला सापडावा, एवढी वाट ठेवली होती.

अण्णा जायच्या आधीच्या पावसाळ्यात मी पेणला होते. कारखान्यात गर्दीचे दिवस. हात थरथरायला लागल्यापासून ते आखणी करत नव्हते, स्टुलावर बसून पोरांना सांगायचे. संध्याकाळी वीज गेली. कंदील लावून आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. कशावरून तरी माझ्या कामाचं निघालं, आणि ते म्हणाले, "बाय, त्या राक्षसाची करंगळी वाकत नव्हती. दुसरं पेर लांब झालं होतं."

मला कळेना. "कुठला राक्षस, अण्णा?"

"तो गं, वाड्यातला. पनवेलला लागला होता. दुपारच्या खेळाला गेलो होतो."

मी काही बोलू शकले नाही. ती दृश्यं, ते थेटर, तिथे दुपारी येणारी माणसं आणि त्यांच्यात धोतर-टोपीतले माझे अण्णा, हे चित्र माझ्यासमोर उभं राहीना.

"पेरं ओळखली मी," ते म्हणाले. "सगळे उठून गेले. मी पाट्या संपेपर्यंत बसलो होतो."